ग्रुप प्रोजेक्टचं ड्राइव्ह सांभाळताना (माझा अनुभव)

पुण्याच्या महात्मा फुले मंडईसाठी दिशादर्शक फलक डिझाइन करायचे, असा आमचा थर्ड इयरचा ग्रुप प्रोजेक्ट होता. डिझाइन जमलं पण फायलींनी जीव काढला. गाळ्यांवरच्या पाट्यांचे फोटो सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, तिथे फोटो दाबला जातो, मोठा करून बघितला की अक्षरांच्या कडाच गायब आणि आम्हाला तर नेमकी अक्षरंच बघायची होती. मग गूगल ड्राइव्ह. फुकटच्या १५ जीबीत जीमेल आणि फोटोपण धरतात, शिवाय शेअर्ड फोल्डरमधली फाइल ज्याने टाकली त्याच्याच जागेत मोजतात, हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे फोटो टाकणाऱ्या मैत्रिणीचं खातं भरलं आणि तिला इंटर्नशिपचे मेलच येईनात, ती भडकली ते साहजिकच आहे.

शेवटी प्रोजेक्टचं वेगळं खातं काढलं, अपलोड फक्त तिथूनच. (ओटीपी ज्याच्या फोनवर जायचा तो गणपतीला कोकणात, रेंज नाही, ते वेगळंच रामायण.) आत तीनच फोल्डर, कच्चं, चालू, छपाई. नावाच्या सुरुवातीला तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीत लागतात.

खरी मजा देवनागरीने आणली. लॅबमधल्या जुन्या इलस्ट्रेटरमध्ये (अ‍ॅडोबीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) 'मिरची' टाइप केलं की 'मरिची' दिसायचं, कारण तिथे परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन कंपोझर (आपल्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय) निवडावा लागतो आणि तो कोणाकडे निवडलेला असायचा, कोणाकडे नाही. मग एकाने तो सेट केलेली पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाची साठवलेली सेटिंग) बनवून टेम्प्लेट फाइल फोल्डरात ठेवली, नवीन फलक करायचा तर त्याचीच कॉपी काढायची. फॉन्ट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' नावाचा घेतला, लायसन्स खुलं आहे म्हणून फॉन्टच्या फायलीच शेजारी ठेवता आल्या, आधी प्रत्येकाकडे कुठून तरी उतरवलेला वेगळाच फॉन्ट असायचा. छपाईला देताना मात्र पॅकेज कमांड वापरायचीच, लिंक केलेले फोटो आणि फॉन्ट एका जागी येतात, नाहीतर छपाईवाले काका रात्री फोन करतात.

एवढं करूनही कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं. आम्ही दर आठवड्याला पाळी लावून बघितली, काही उपयोग नाही, दुसऱ्याच्या पाळीत सगळे ढकलून देतात. मग त्या मैत्रिणीनेच ताबा घेतला, नावात तारीख नसलेली फाइल 'चालू'मध्ये दिसली की ती न विचारता कचऱ्यात टाकायची, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते म्हणून परत काढता यायची, पण भांडण व्हायचंच.