मुलाच्या केसांचा मिनरल रिपोर्ट हाती आल्यावर: माझा अनुभव

केसांची मिनरल टेस्ट करणं सोपं आहे. मानेच्या मागचे केस कापा, पाकिटात घाला, पैसे भरा, झालं. रिपोर्ट आल्यावर तो वाचायचा कसा, हे मात्र कुणी धड सांगत नाही आणि जे सांगतात ते भलतंच सांगतात. परवा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या थेरपी सेंटरमध्ये बाकावर बसलेल्या एका आईच्या हातात तसलाच हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा कागद दिसला. चेहरा पार उतरलेला. तिला जे तिथल्या तिथे सांगितलं, तेच सविस्तर लिहिते आहे.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालेलं आहे. निदान, स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) हे सगळं आमच्या बाबतीत सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. (ज्यांना खाजगी असेसमेंट परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरमध्ये, जरूर चौकशी करावी.) अडचण दुसरी होती. तो भिंतीचा चुना खरवडून खायचा, खडू खायचा, मोजून पाच पदार्थांपलीकडे ताटातलं काही तोंडात घ्यायचा नाही, आणि रात्री झोप नाही. वेटिंगमध्ये बसलं की कुणी ना कुणी म्हणायचंच, "अहो ताई, हेवी मेटल्स बघितलेत का? केसांची टेस्ट करा, सगळं कळतं." नवऱ्याला पटत नव्हतं, सासूबाईंना करून टाकावीशी वाटत होती. मला आकडे बघायचे होते. मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर टेस्ट सर्टिफिकेटंच वाचते. त्यामुळे वाटलं, कागद हातात आला की मला समजेल.

कागद आला. पारा कमी, शिसं हिरव्या आणि पिवळ्याच्या सीमेवर, तांबं जास्त, जस्त जास्त, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच जास्त, लोह हिरव्या पट्ट्यात मधोमध. खाली कुणा केमिस्टची सही नाही, फक्त "डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" एवढी ओळ.

मी कलेक्शन सेंटरला फोन लावला. माझे प्रश्न साधे होते. आमच्याकडे कुठल्याही लॉटचं सर्टिफिकेट आलं की नवशिक्या मुलगासुद्धा विचारेल असे. केस तपासायच्या आधी कशाने धुतले? हा हिरवा पट्टा कुणाच्या केसांवरून ठरवलाय, भारतातल्या मुलांच्या की परदेशातल्या मोठ्या माणसांच्या? ब्लँक, म्हणजे केस न घालता केलेली कोरी तपासणी, लावला होता का? काउंटरवरची मुलगी गोड बोलायची, पण तिचं उत्तर एकच, "मॅडम, रिपोर्टमध्ये सगळं दिलेलं आहे." मी म्हटलं, दिलेलं नाही म्हणून तर विचारतेय. मग "टेक्निकल टीम कॉल करेल." टेक्निकल टीमचा कॉल काही आला नाही. मीच परत परत करत राहिले. लंच ब्रेकमध्ये, शिफ्ट सुटल्यावर, बसस्टॉपवर उभी राहून. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पेशंट आयडी पहिल्यापासून सांगायचा. शेवटी एकाने सांगून टाकलं की लॅब बाहेर आहे, आम्ही फक्त सॅम्पल पाठवतो, आणि रिपोर्ट समजावून घ्यायचा असेल तर त्याचं वेगळं पॅकेज आहे. वेगळं पॅकेज! म्हणजे आकडे विकायचे एका बिलात आणि त्यांचा अर्थ दुसऱ्या बिलात. त्या दिवशीचा संताप आजही तसाच आहे.

नवरा नको म्हणत होता, तरी ते पॅकेज मी घेतलं, कारण मला त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. व्हिडिओ कॉलवर एक न्यूट्रिशन कौन्सिलर आल्या. त्यांनी पाऱ्याचा आकडा बघितलाच नाही. त्या रिपोर्टवरच्या, प्रत्येक खनिजाचा आकडा दाखवणाऱ्या आडव्या दांड्या मोजायला लागल्या. उजवीकडे किती गेल्या, डावीकडे किती गेल्या, लाल पट्ट्यात किती. ही पद्धत मला नंतर कळली. पारा शरीरात असला की बाकीच्या खनिजांची वाहतूक बिघडते, म्हणून खनिजांची विस्कळीत रांग दिसली की पारा आहे असं धरायचं, अशी ती मांडणी. मूळ अमेरिकेतली, पालक ती एकमेकांना शिकवतात. मी विचारलं, "पण मॅडम, पारा तर कमी दाखवतोय." त्या म्हणाल्या, "तेच तर! कमी आहे म्हणजे बाहेर पडत नाहीये. आत अडकलाय."

मी विचारलं, मग जास्त आला असता तर? "तर शरीरात जास्त आहे असं कळलं असतं."

इथे मी थांबले. कमी आला तरी आहे, जास्त आला तरी आहे, मग नाही हे कुठल्या आकड्यावरून कळणार? ज्या तपासणीत नापास होण्याशिवाय दुसरा निकालच नाही, ती तपासणी आमच्या लॅबमध्ये एक दिवस टिकणार नाही. आणि पारा कमी असण्याचं कारण आमच्या स्वयंपाकघरात होतं. केसांत दिसतो तो पारा मुख्यतः मेथिलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप, आणि तो माणसाच्या पोटात जातो मुख्यतः माशांतून. जपानच्या मिनामाटात मासे खाणाऱ्यांच्या केसांत तो सापडला, त्या कामासाठी केसांची तपासणी शास्त्रात मान्यही आहे. आमच्या घरात मासे शिजतच नाहीत. पारा येणार कुठून?

दांड्या मोजण्याबद्दलही एक गोष्ट सांगते, ही प्रत्येक पालकाने वहीत लिहून ठेवावी. असे हिरवे पट्टे साधारणपणे ९५ टक्के लोक आत बसतील असे आखतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडायची शक्यता शंभरात पाच. एका कागदावर ४० मूलद्रव्यं असली तर निव्वळ योगायोगाने दोनेक बाहेर जाणारच. त्यात आपल्या मुलाचे केस आणि ज्यांच्यावरून पट्टा आखला त्यांचे केस वेगळ्या पाण्याने, वेगळ्या शाम्पूने धुतलेले असले, तर आणखी.

पाण्याचंच घ्या. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी सोडतात. नळाच्या तोट्यांवर पांढरी खपली धरते इतकं जड. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांत मुरतं, पोटात गेलेलं नसतं. जस्त? बाथरूममध्ये एकच बाटली, कोंड्याच्या शाम्पूची, नवऱ्याची. सासूबाई नातवालाही त्यानेच न्हाऊ घालतात. मी बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं: झिंक पायरिथिऑन. काही कोंड्याच्या शाम्पूंत सेलेनियम असतं, तेही असंच केसांत दिसतं. ज्यांनी टेस्ट अजून केली नाही पण करणारच आहेत, त्यांनी आधी शाम्पूची बाटली, तेल आणि पाणी यांची नोंद ठेवा. केस टाळूलगतचे कापून घ्या, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. लांब टोक दिलंत तर ते कित्येक महिने ऊन, पाणी, धूळ खाऊन बसलेलं असतं.

आणि खरं सांगू का, मला विचाराल तर करूच नका. २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक साधा प्रयोग छापून आला होता. एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात दहापटीहून अधिक फरक आला, आणि लॅबनी दिलेले आहाराचे सल्लेही एकमेकांशी जुळेनात. केस एकच, डोकं एकच. आमच्या लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबपेक्षा दहापट निघाला तर मला साहेब केबिनमध्ये बोलावतील.

कॉलच्या शेवटी कौन्सिलरबाईंनी मुद्द्याला हात घातला: डिटॉक्स. कॅप्सूल दर तीन-चार तासांनी द्यायच्या, रात्रीही उठवून. जो मुलगा मोठ्या मुश्किलीने झोपतो त्याला उठवून! त्याआधी एक औषध देऊन लघवीची टेस्ट करू, म्हणजे "लपलेले मेटल्स" बाहेर येतील. हे ऐकल्यावर मी हात जोडून कॉल बंद केला. असं औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतातच, आणि तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या पट्ट्याशी लावला की लाल दिसणारच. अमेरिकेतल्या विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या संघटनेने याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. या डिटॉक्सचं खरं नाव चिलेशन, म्हणजे धातूंना पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध देणं. ते म्हणजे काही काढा नव्हे. २००५ साली पेन्सिल्व्हेनियात ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा अशाच उपचारात गेला. शिरेतून दिलेल्या औषधाने रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि हृदय बंद पडलं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही (कॉक्रेन ही उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) ऑटिझममध्ये चिलेशनचा उपयोग होतो असा पुरावा मिळालेला नाही. कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी हे करू नका. हात जोडून सांगते.

मग मी रिपोर्ट घेऊन आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. सरांनी पट्ट्यांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "खातो काय हा? भिंत कुठली चाटतो? काजळ-सुरमा घालता का? घरात कुणी बॅटरीच्या, रंगाच्या कामात आहे का?" हे प्रश्न इतक्या दिवसांत कुणीच विचारले नव्हते. पंचवटीतल्या आजोळच्या वाड्यात जुन्या ऑइलपेंटचे पापुद्रे सुटलेले आहेत, आणि आम्ही सुट्टीत तिथेच असतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासूनची. सर म्हणाले, शिशाची शंका रास्त आहे, पण ती रक्तातून बघायची.

रक्त शिरेतूनच घ्यायला सांगा. बोट टोचून घेतलं तर कातडीवरच्या धुळीतलं शिसं मिसळून आकडा खोटाच वाढू शकतो.

शिसं आलं २.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०२१ पासून ३.५ च्या वर लक्ष घालायला सांगितलं आहे, आणि चिलेशनचा विचार होतो तो ४५ च्या पुढे. वाड्याचे दरवाजे तरीही मामांनी घासून न काढता वरून नवा रंग मारून घेतला. कोरडं घासू नका, धूळ उडते.

त्याच रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, आलं ९. पाच वर्षांखालच्या मुलांत १२ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपत आला. तोच मुलगा, केसांच्या कागदावर लोह हिरव्यात मधोमध! साठा रक्तात कळतो, केसात नाही. माती-चुना-खडू खाणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता नेहमी दिसते, झोपेत तळमळ करणाऱ्यांतही दिसते. हे दोन्ही आमच्या घरात रोज डोळ्यांसमोर होतं. दिवसभर दूध पिऊन पोट भरायची सवय त्यात भर घालत होती.

वजनाप्रमाणे लोहाचे थेंब सुरू झाले. दुधाबरोबर देऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर द्या. दात काळे पडतात म्हणून थेंब जिभेच्या मागे सोडायचे आणि वर पाणी पाजायचं. शी काळी होते, घाबरू नका. बाटली उंचावर ठेवा, जास्त लोह लहान मुलांना घातक असतं.

पुढच्या तपासणीत फेरिटिन ३४ झालं. चुना खाणं जवळजवळ थांबलं, रात्री सलग झोपतो. बोलणं वाढलंय ते स्पीच थेरपिस्ट ताईंच्या मेहनतीने, त्याचं श्रेय मी लोहाला देणार नाही. ऑटिझम आहे तिथेच आहे, तो काही केसांतून किंवा रक्तातून काढायचा नव्हताच.

एक राहिलं. रक्त काढायच्या तासभर आधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला बधिर करणारं क्रीम लावून वर चिकटपट्टी मारता येते, डॉक्टर लिहून देतात. लॅबला फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घ्या, गर्दी नको. आमच्या मुलाने त्या दिवशी पंख्याकडे बघत हात दिला.