ईस्टर बेट ते ताहिती : ४,२५० किलोमीटर आणि नेमके किती तास?

दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः मोजून पाहण्याची मला अनेक वर्षांची आवड आहे. परवा पृथ्वीगोल पुढ्यात घेतला, प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरील मातावेरी विमानतळ आणि त्याच्या पश्चिमेला असलेल्या ताहिती बेटावरील पापेएते शहराचा फाआ विमानतळ यांच्यामध्ये शिवणाचा दोरा ताणून धरला आणि मग अक्षांश-रेखांशांवरून गणित केले. गोलावरचे सर्वांत कमी अंतर सुमारे ४,२५० किलोमीटर, म्हणजे जवळपास २,३०० सागरी मैल निघाले. नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टीने आखलेली सरळ रेष प्रत्यक्षात यापेक्षा लांब पडते. मात्र ही ठिकाणे विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे येथे हा फरक जेमतेम १२-१५ किलोमीटरचा आहे. ध्रुवांकडील मार्गांवर तोच शेकडो किलोमीटरपर्यंत जातो.

जेट विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर भागाकाराने बरोबर पाच तास येतात. बहुतेक जण येथेच थांबतात, आणि माझ्या मते खरा विषय येथून पुढे सुरू होतो. जेट विमाने उडतात त्या उंचीवर वारे, विशेषतः तिथल्या म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात (जून-ऑगस्ट), बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर ताहितीकडे जाताना ५ तास ४० मिनिटे आणि परतताना ४ तास २८ मिनिटे लागतील. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो असे वाटते खरे, पण बेरीज करून पाहावी : दोन्ही फेऱ्यांचे १० तास ८ मिनिटे होतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. ही आठ मिनिटे मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी गणित तीनदा तपासले होते. उड्डाण, चढण, उतरण आणि धावपट्टीवरची हालचाल यांसाठी अर्धा तास वेगळा धरावा. तिथल्या हिवाळ्यात ताहितीचे घड्याळ ईस्टर बेटाच्या चार तास मागे असते, त्यामुळे तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करून उपयोग नाही.

दूरस्थ विमानतळांचे खरे वेगळेपण इंधनाच्या हिशेबात आहे. मातावेरीला एकच धावपट्टी आहे. १९८०च्या दशकात नासाने अवकाशयानाला आणीबाणीत उतरता यावे म्हणून ती वाढवली आणि आज ती ३,३०० मीटरहून लांब आहे. पण एखादे विमान तिच्या मधोमध अडकले, तर त्या लांबीचा काहीही उपयोग नाही. एरवी विमान जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल इतके इंधन बाळगते. जेथे असा विमानतळ आवाक्यातच नसतो, तेथे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जेट विमानाला मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावरही नेहमीच्या खपाने सुमारे दोन तास पुरेल इतके इंधन शिल्लक ठेवावे लागते.

दोन तासांत विमान १,७०० किलोमीटर जाते. ईस्टर बेटाच्या जवळचे वस्ती असलेले पिटकेर्न बेट २,००० किलोमीटरहून दूर आहे आणि तेथे धावपट्टीच नाही. म्हणजे हे इंधन दुसरीकडे जाण्यासाठी नसतेच. ढग हटेपर्यंत किंवा धावपट्टी मोकळी होईपर्यंत त्याच बेटावर घिरट्या घालण्यासाठी ते असते.