नायट्रस प्रकल्प: पुलच्या शेवटी मिश्रण लीन का होतंय?

नायट्रसचं किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड सोडून जादा ताकद देणारं) आता बिनतक्रार चालू-बंद होतंय, त्यामुळे ही नोंद पूर्णपणे एकाच त्रासावर. पुलच्या (एका गिअरमध्ये फुल थ्रॉटलने रेडलाइनपर्यंत नेण्याच्या) सुरुवातीला एएफआर, म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण, ११.८. आकडा चढला की मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी. ५५०० आरपीएमच्या पुढे तो चढायला लागतो आणि रेडलाइनपर्यंत (इंजिनाच्या कमाल आरपीएमपर्यंत) १२.९ होतो. नायट्रस बंद ठेवून तोच गिअर, तोच पुल केला तर १२.६ वर सपाट रेघ.

नवीन मंडळींसाठी सेटअप थोडक्यात: दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. वेट किट (नायट्रसबरोबर जादा इंधनही सोडणारं), थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे एकच नोझल, ५० एचपीचे जेट (प्रवाह ठरवणारी बारीक छिद्रं). प्लग एक पायरी थंड, गॅप ०.८ मिमी, टायमिंग (ठिणगीची वेळ) २ अंश मागे. सगळे पुल डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर).

१२.९ म्हणजे काय मोठं, असं कुणाला वाटेल. साधं इंजिन फुल थ्रॉटलला तिथे खुशाल चालतं. नायट्रसवर तेच अंगाशी येतं. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. सिलिंडरच्या उष्णतेत तो रेणू फुटला की हा सगळा ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याला पुरेल एवढं इंधन तिथे नसेल तर डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) ठरलेलं. पिस्टनची रिंग लँड (रिंग धरून ठेवणारी कड) तुटायला एक वाईट पुल पुरतो. म्हणून मी ११.५ ते १२ ची हद्द धरून बसलोय आणि कुणी कितीही समजावलं तरी ती सोडणार नाही.

लीन दिसलं की बहुतेक जण थेट मोठा फ्युएल जेट टाकतात. मला ते पटत नाही. आधी लॉगमधली रेघ कुठल्या क्षणी वर जाते ते बघावं, कारण अर्धं निदान तिथेच होतं. बटण दाबताच सुळका येऊन लगेच खाली बसत असेल, तर नायट्रस इंधनाच्या आधी पोचतोय. तो ९०० पीएसआय दाबाने धावतो, इंधन बिचारं ४३ ने. फ्युएल सोलेनॉइड (इंधन सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नोझलच्या जवळ आणला की हे बरंचसं मिटतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच लीन असेल तर जेटची जोडी, फ्युएल सोलेनॉइडच्या तोंडाची जाळी किंवा बाटलीचं तापमान बघायचं. बाटलीत २१ अंश सेल्सिअसला साधारण ७५० पीएसआय असतं, ३० च्या आसपास ९००. बाटली तापली की नायट्रस जास्त जातो, पण वेट किटला इंधन तेवढंच मिळतं, म्हणजे मिश्रण लीन. (जाळीवरून आठवलं: फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांनो, त्याचा एक धागा सुटला तरी जेट बुजतो. द्रव सीलंट वापरा.)

माझी रेघ या दोन्हींत बसत नाही. ती पुलभर हळूहळू चढते. आता बाटलीचा विचार करा. द्रव नायट्रस बाहेर पडला की उरलेला उकळतो, उकळताना थंड होतो, प्रेशर उतरतं. माझ्या लॉगमध्ये एका पुलमध्ये ते ९५० वरून ८७० वर येतं. म्हणजे नायट्रस कमी होत जातोय आणि मिश्रण उलट रिच (इंधन जास्त) व्हायला हवं. ते लीन होतंय याचा अर्थ इंधन त्याहून वेगाने कमी पडतंय. एवढं लक्षात आल्यावर बाटली, हीटर आणि नायट्रसचा जेट यांना मी हातच लावला नाही.

त्याआधी वाइडबँड (एक्झॉस्टमधला एएफआर दाखवणारा सेन्सर) खरं बोलतोय का हे तपासणं भाग होतं. तो इंधन मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. मिसफायर झाला तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर लीन दाखवतो, भले इंधन ओसंडून जात असेल. नायट्रसवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि कमजोर ठिणगी विझू शकते, त्यामुळे ही शंका पोकळ नव्हती. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी असंच दिसतं, पण गळतीचा खेळ आयडलला आणि कमी लोडला जास्त चालतो. फक्त रेडलाइनजवळ ती डोकं वर काढत नाही. मिसफायरचा निकाल प्लगने लावला. फुल थ्रॉटलला असतानाच इग्निशन बंद, क्लच दाबला, प्लग काढले. काजळी नाही, ओलावा नाही. पोर्सिलेन खडूसारखं पांढरं. भिंगाखाली ॲल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले नाहीत, म्हणजे पिस्टन अजून शाबूत आहेत. लीन खरंच आहे.

मग रेलवर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर बसवून लॉगिंग सुरू केलं. नायट्रसशिवाय ४३.५ पीएसआय वरून शेवटी ४२. नायट्रससह ४३.५ वरून ३६! इथे हिशेब करून बघण्यात मजा आहे. जेट किंवा इंजेक्टरमधून जाणारं इंधन प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ३६ भागिले ४३.५ म्हणजे ०.८३, त्याचं वर्गमूळ ०.९१. इंधन ९ टक्के घटलं. ११.८ ला ०.९१ ने भागलं की जवळपास १३.० येतं. लॉगमध्ये १२.९ आहे, आणि तो उरलेला किंचित फरक बाटलीचं प्रेशर उतरल्याचा. दुसरं कारण शोधायची गरजच उरली नाही.

प्रेशर का पडतं? फिल्टरच्या आधी आणि नंतर मोजलं, फरक नगण्य. रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून बघितली, तोही नीट उत्तर देतो. मग मल्टिमीटर. बॅटरीवर १३.७ व्होल्ट आणि त्याच वेळी, पंप पूर्ण लोडवर असताना, त्याच्या कनेक्टरवर ११.३. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि काळा पंपाच्या प्लसला लावला तर १.५ व्होल्ट तारेतच जिरतात, अर्थच्या बाजूला उरलेले ०.९. फॅक्टरीची तार कारखान्यातल्या इंजिनापुरती बारीक असते, आणि वर इतक्या वर्षांचे कनेक्टर. नायट्रसशिवाय ११.३ व्होल्टवरही पंप वेळ मारून नेतो. ५० एचपीचं जादा इंधन मागितलं की त्याच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही. मोठा पंप टाकला असता तर तो जास्त करंट ओढून त्याच तारेत आणखी व्होल्ट घालवून बसला असता.

बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार थेट पंपाच्या रिलेला, जुनी तार आता फक्त रिले चालवते. चॅसिसवर रंग खरवडून नवीन अर्थ. बाटलीचा हीटर बराच करंट ओढतो, म्हणून पुल सुरू होताच तो बंद होईल अशी जोडणी केली. कनेक्टरवर आता १३.२ व्होल्ट, रेडलाइनला रेल प्रेशर ४२.५, एएफआर ११.८ ते ११.९. शिवाय फ्युएल प्रेशर स्विच बसवला: ३९ च्या खाली गेलं की नायट्रस आपोआप बंद. हा स्विच किटच्या पहिल्या दिवसापासून असावा असं माझं ठाम मत आहे. वाइडबँड बघून पाय उचलेपर्यंत उशीर झालेला असतो.

विषय अजून पूर्ण मिटलेला नाही. नव्या पुलनंतर काढलेल्या प्लगपैकी चौथा बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे. वाइडबँड चारही सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर वाचतो, त्याच्या ११.८ मध्ये एखादा १२.५ चा सिलिंडर सहज लपतो. इनटेक मॅनिफोल्ड कोरड्या हवेसाठी घडवलेला. नोझलच्या पेट्रोलचे जड थेंब हवेबरोबर वळत नाहीत, सरळ जाऊन भिंतीवर आपटतात, आणि कुठल्या तरी रनरला (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) कमी मिळतं. इंजेक्टर मात्र आधी आपापसात अदलाबदल करून बघणार. पांढरेपणा इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर दोष त्याचा, चौथ्यालाच राहिला तर नोझल मागे घेऊन कोन बदलायचा. एक्झॉस्टच्या चारही रनरना स्वतंत्र ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान मोजणारे) प्रोब लावायचे आहेत. ते होईपर्यंत टायमिंग आणखी एक अंश मागे घेतलंय, आणि ७५ चे जेट डब्यातच राहतील.