आधी कुत्रा दिसू द्या, मग खाऊ

सोसायटीच्या फाटकाबाहेर भटका कुत्रा दिसला की आपला कुत्रा पट्टा ताणून भुंकत सुटतो. लोक म्हणतात, माजलाय. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो आणि समोरच्याला लांब ठेवायचा हा एकच उपाय त्याला ठाऊक असतो. हिसका दिला की तो गप्प बसेलही, पण कुत्रा दिसला की मानेला दुखतं हेही तो शिकतो आणि भीती वाढते. म्हणून चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणि काटेरी पट्टा आधी काढून टाका. छातीवर नीट बसणारा हार्नेस आणि दोन-अडीच मीटरची साधी दोरी पुरते. हे भुंकणं अचानक सुरू झालं असेल, तर आधी पशुवैद्याकडून कान, दात, सांधे तपासून घ्या. दुखणारं जनावर लवकर चिडतं.

घाबरवणारी गोष्ट लांबून दिसली की आवडीचं खायला द्यायचं, भीती कमी करायची ही रीत जुनी आहे. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा. कुत्र्यांबाबतही तत्त्व तेच.

उकडलेल्या चिकनचे मटारच्या दाण्याएवढे चाळीस-पन्नास तुकडे करा. मीठ, कांदा, लसूण काही नको. तेवढं जेवणातून वजा करा. आता अंतर शोधा. समोरचा कुत्रा दिसतो, कान टवकारतात, तरी आपला कुत्रा तुकडा हळू घेतो, एवढं लांब उभं राहा. कोणाला वीस मीटर पुरतात, कोणाला पन्नास लागतात. बोटांना दात लावून तुकडा ओरबाडला, तोंड घट्ट मिटलं, किंवा खायलाच नकार दिला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. समोरचा कुत्रा लांबून येताना आपल्याला आधी दिसतो, आपण घाईने पिशवीत हात घालतो. चार-पाच दिवसांत पिशवीची चुरचुर ऐकूनच कुत्रा धोका शोधायला लागतो. हात खाली ठेवा. त्याने बघितलं की मनात एक मोजा, मग तुकड्यामागून तुकडा द्या. समोरचा दिसेनासा झाला की खाऊ बंद. दहा मिनिटं पुरे.

‘भुंकतो त्याला खाऊ कशाला?’ असं घरचे विचारतात. खाऊ दिल्याने भीती वाढत नाही. तरी भुंकायला लागलाच तर पहिलं काम अंतर वाढवायचं.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे भटकी कुत्री स्वतःच चालत येतात. त्यामुळे सुरुवातीला फाटकाच्या आतून, पार्किंगमधून सराव करा. ‘चल’ म्हणून गर्रकन मागे वळणं घरात रोज दहा वेळा खेळासारखं शिकवा. रस्त्यावर अडकलात तर उभ्या गाडीच्या आड जा, नजर तुटते. एखादा दिवस फारच बिघडला, तर दुसऱ्या दिवशी तो रस्ता टाळा. घरीच जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून हुंगायला द्या, अंग शांत व्हायला वेळ लागतो. एवढं करूनही तो घरातसुद्धा सैलावत नसेल तर औषधाबद्दल पशुवैद्याशी बोला, त्यात कमीपणा नाही.

काही आठवड्यांनी कुत्रा समोरच्याला बघेल आणि आपणहून मान वळवून तुमच्या तोंडाकडे पाहील. असं सलग काही दिवस दिसलं की मगच दोन मीटर पुढे व्हा.