हिगानच्या दिवशी यानाकात

२३ सप्टेंबर, तोक्यो

आज शरद विषुवाची सुट्टी. या दिवसाच्या आगेमागे तीन-तीन दिवस धरून इथे आठवडाभर हिगान पाळतात. लोक आपापल्या देवळात जाऊन घराण्याच्या समाधीची साफसफाई करतात, फुलं वाहतात. मी निप्पोरी स्टेशनवर उतरले आणि यानाकाच्या गल्लीतल्या नेहमीच्या लहान देवळात गेले. त्याचं नाव लिहीत नाही. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत, ते तसंच राहिलेलं बरं.

यानाकात पावलोपावली देवळं आहेत. १६५७ च्या आगीत एदो शहर, म्हणजे जुनं तोक्यो, होरपळलं आणि त्यानंतर भर वस्तीतली कितीतरी देवळं इकडे हलवली गेली. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले यातून हा भाग बराचसा वाचला. म्हणून गल्ल्या अजून अरुंद आहेत आणि देवळाच्या भिंतीला लागून लोकांचे कपडे वाळत असतात.

फाटकातून आत गेलं की नळ आहे आणि नळाशेजारी लाकडी बादल्यांची मांडणी. प्रत्येक बादलीवर एकेका घराण्याचं नाव काळ्या शाईने लिहिलेलं. एरवी सगळ्या बादल्या जागेवर असतात, आज बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. मागच्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ गुडघे टेकून समाधीच्या दगडावर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतलं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढत होते. एक अक्षर झालं की पळीने पाणी ओतायचं, हाताने चाचपून बघायचं, मग पुढचं. शेजारच्या कडेला लाल हिगानबाना फुलली होती, पान एक नाही, नुसते दांडे आणि फुलं. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मी नागपूरची. बौद्ध घरात वाढलेली. लहानपणी आमचा विहार म्हणजे रविवारची वंदना, पांढऱ्या साड्या, मुलांचा गलका, त्रिशरण-पंचशील झाल्यावर भाषण आणि भाषणानंतर वस्तीतल्या शाळेच्या प्रश्नावर चर्चा. विहार जिवंत माणसांचा. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे आणि आमच्या घरात ती काटेकोर पाळली जाते. त्यामुळे इथे आल्यावर बुद्धाच्या देवळात सगळा व्यवहार मेलेल्यांचाच बघून मला फार जड गेलं होतं. वाटलं, हा आपला धम्म नव्हे.

नंतर यामागचा इतिहास कळला. एदो काळात घराघराला कुठल्या ना कुठल्या देवळात नाव नोंदवणं भाग होतं, आपण ख्रिस्ती नाही याचा तो पुरावा. नोंदवही देवळाकडे, म्हणून जन्म-मरण देवळाकडे. पुढे १८७२ मध्ये सरकारने भिक्षूंना लग्न करायला, मांस खायला मुभा दिली, तेव्हापासून बहुतेक देवळं बापाकडून मुलाकडे चालत येतात. या देवळाचे मुख्य भिक्षूही संसारी आहेत. सकाळी अंगण झाडताना दिसतात.

आज त्यांनीच मला हाक मारली. समाध्यांमागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या असतात, सोतोबा. त्यांना आज नव्या फळ्या लावायच्या होत्या. एका फळीवर वरच्या टोकाला पाच अक्षरं होती, जाड कुंचल्याने काढलेली. मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती, चित्रलिपीच असेल असं धरून चालले होते. त्यांनी बोट ठेवत वरून खाली वाचलं: क्या, का, रा, बा, आ. ही सिद्धम लिपी. मुळात ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. कूकाई हे भिक्षू ८०६ साली चीनहून परतले, त्यांच्या परंपरेने ही अक्षरं जपली. आपल्याकडे ही लिपी वापरातून गेली आणि इथे गल्लीतला एक माणूस ती आजही शाई घोटून लिहितो. माझा हात त्या फळीवरून हलेना. शाईचा वास येत होता.

अगदी कोपऱ्यात एकमेकांना खेटून रचलेले जुने दगड आहेत. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, त्यांचे. पुढे लाल लाळेरं बांधलेला जिझो, म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. तिथे ताजी फुलं होती. मी विचारलं, ही कोण ठेवतं? ते म्हणाले, देऊळच ठेवतं, आणखी कोण ठेवणार.

इथे माझं मन बदललं, हे लिहायलाच हवं. आमची प्रतिज्ञा पुरोहिताच्या मक्तेदारीविरुद्ध होती आणि ती योग्यच आहे, मी ती सोडणार नाही. पण बेवारस माणसाच्या दगडापुढे रोज फुलं ठेवणं हे श्राद्ध नव्हे. ती करुणा आहे. मी त्या दगडांपुढे हात जोडून बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं, पुटपुटत नाही, नीट ऐकू येईल असं.

रात्री आईला फोन केला. पाच अक्षरांचं ऐकून ती खूश झाली. दगडांबद्दल ऐकून जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "ते सगळं ठीक हाय बाई, पण जिते लोक कवा जमतात तिथं?"

खरं आहे. जमत नाहीत. हिगान आणि ओबोन, म्हणजे उन्हाळ्यातला पूर्वजांच्या स्मरणाचा सण, सोडले तर ती स्वच्छ, मोठी चटयांची खोली रिकामी असते आणि तोक्योत आमच्यासारखी कितीतरी घरं वंदनेला भाड्याचा हॉल शोधत असतात. १४ ऑक्टोबरच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशीच्या, संध्याकाळी ती खोली आम्हाला तासभर मिळेल का, हे मी या रविवारी जाऊन विचारणार आहे. दीक्षाभूमीचा एक फोटो सोबत नेईन, म्हणजे समजावून सांगायला बरं पडेल.