चौथ्यानंतर पाचवा अध्याय

देव आहे याची मला खात्री नाही, हे मी वारीला निघताना आळंदीतच दिंडीच्या विणेकरी बुवांना सांगून टाकलं होतं. ते 'चला माऊली' एवढंच म्हणाले आणि टाळ हातात दिला. दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे. चालण्यात आणि 'ज्ञानोबा-तुकाराम'मध्ये दिवस जात होते.

लोणंदच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या होत्या. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला, 'होऽऽ' असा पुकारा झाला आणि टाळ-मृदंग एकदम थांबले. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तक्रार आहे त्यांची." गाऱ्हाणं असलेल्या दिंडीनं टाळ वाजवत राहायचं, चोपदारांनी तिथवर जाऊन ऐकून घ्यायचं, अशी इथली रीतच आहे. एवढ्या शिस्तीच्या सोहळ्यात न पटलेलं बोलायला राखून ठेवलेली ही जागा मला फार मोलाची वाटली.

रात्री राहुटीत बुवांना विचारलं, "संशयात्मा विनश्यति, संशय घेणारा नाश पावतो, असं गीताच म्हणते. मग माझं काय?"

"तो चौथा अध्याय. पाचवा कशानं सुरू होतो, माऊली?"

मला आठवेना. त्यांनी पोथी उघडली. चौथ्याच्या शेवटी कृष्ण सांगतो, ज्ञानाच्या तलवारीनं संशय तोड आणि ऊठ. अर्जुन उठत नाही. पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात तो विचारतो: कधी संन्यास म्हणता, कधी कर्मयोग, दोहोंतलं हिताचं एक काय ते नक्की सांगा. ज्ञानेश्वरांनी तर त्याच्या तोंडी 'हां हो हें कैसें तुमचें बोलणें' असं घातलंय. देवाला इतकं तोंडावर विचारायचं! आणि कृष्ण रागावत नाही, समजावत राहतो. अठराव्याच्या आरंभी अर्जुन पुन्हा संन्यास-त्यागावरच येतो. 'माझा संदेह गेला' हे त्याचे शब्द त्या अध्यायाच्या अगदी शेवटाकडे येतात. त्यानं चौथ्यातच मान डोलावली असती, तर पुढची गीता झालीच नसती, असं मला मनापासून वाटतं.

वाखरीचं रिंगण पाहिलं, चंद्रभागेत स्नान केलं, गर्दीमुळे कळसालाच हात जोडले. खात्री अजून नाही. पुढच्या आषाढीला त्याच दिंडीत नाव घातलंय आणि बुवांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवतोय. पहिला अठराव्यातलाच आहे: सगळं सांगून झाल्यावर, 'तुझा मोह गेला का?' असं खुद्द कृष्णालाही अर्जुनाला का विचारावं लागलं?