'स्पेस इनव्हेडर्स'चा मूळ बोर्ड नाशकात चालू करताना : माझा अनुभव

मिडवे या अमेरिकन कंपनीचा मूळ 'स्पेस इनव्हेडर्स' बोर्ड, म्हणजे त्या खेळाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, हाती आला की आधी मल्टिमीटर काढावा, प्लगचं नंतर बघावं. नाणं टाकून खेळायचा हा व्हिडिओ गेम १९७८ साली तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी जपानमध्ये तयार केला आणि अमेरिकेत मिडवेने परवाना घेऊन बनवला. माझ्याकडे आला तो नुसता बोर्ड. पॉवर सप्लाय, पडदा, नाणं घेणारं यंत्र आणि प्लायची पेटी हे सगळं इथेच जमवायचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी पॉवरवर घालवला, आणि तो घालवायलाच हवा. बोर्डाला +५, +१२ आणि −५ अशी तीन व्होल्टेज लागतात. प्रोसेसर इंटेलचा ८०८०, रॅम ८ किलोबाइट, म्हणजे ४ किलोबिटच्या सोळा चिपा. प्रोसेसरला आणि या चिपांना तिन्ही व्होल्टेज लागतात. −५ ओढतं अगदी थोडं, पण ते नसताना +१२ पोचलं तर रॅम जळते. चिपच्या आतल्या सिलिकॉनच्या पायाला (सबस्ट्रेटला) लागणारं उलटं व्होल्टेज मिळत नाही, नको त्या वाटेने करंट वाहतो आणि चिप तापून जाते. म्हणून −५ सर्वांत आधी आलं पाहिजे आणि सर्वांत शेवटी गेलं पाहिजे.

आर्केडसाठी, म्हणजे अशा नाण्यांवरच्या खेळांसाठी, मिळणाऱ्या स्विचिंग सप्लायमध्ये तिन्ही व्होल्टेज असतात आणि तो आपल्या २३० व्होल्टवर चालतो. मात्र त्यातलं −५ बंद पडलं तर कुणाला कळत नाही, +१२ आपलं चालूच राहतं. त्यावर मी साधा उपाय केला. ५ व्होल्टचा छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) −५ आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला, कॉइलवर उलटा डायोड टाकला आणि बोर्डाकडे जाणारं +१२ त्या रिलेच्या कॉन्टॅक्टमधून नेलं. −५ गेलं की +१२ आपोआप तुटतं. मूळ चिपा जपायच्या असतील तर हा रिले लावाच.

मग प्रोसेसर आणि रॅम सॉकेटमधून काढून रिकाम्या सॉकेटवर मोजलं. ८०८०च्या २ नंबरच्या पिनला ग्राउंड, ११ला −५, २०ला +५ आणि २८ला +१२. रॅमच्या १ नंबरला −५, ८ला +१२, ९ला +५, १६ला ग्राउंड. सोळाही सॉकेट तपासायचे. पावसाळ्यातली दमट हवा खाल्लेल्या सॉकेटमध्ये एखादी पिन हमखास उघडी सापडते. +५ सप्लायच्या टोकावर न मोजता चिपच्या पिनवर मोजायचं आणि तिथे ५.० ते ५.१ ठेवायचं. कनेक्टर काळा पडला असेल तर वाटेतच अर्धा व्होल्ट जातो. बोर्डाच्या कडेचे पट्टे पांढऱ्या खोडरबरने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. पॉलिश पेपर लावायचा नाही, वरचा मुलामा निघून जातो.

चिपा बसवल्यावर पडद्यावर कचरा दिसला आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहिला. हे वॉचडॉग या राखणदार सर्किटचं काम. प्रोग्रॅमने ठरल्या वेळेत खूण दिली नाही की तो प्रोसेसरला पुन्हा सुरुवातीला नेतो. कारण बहुतेकदा रॅम किंवा रॉम. रॉम, म्हणजे प्रोग्रॅम साठवलेल्या चिपा, चार, प्रत्येकी २ किलोबाइट, ओळखीची अक्षरं एच, जी, एफ, ई. प्रोग्रॅम एचपासून सुरू होतो, म्हणून आधी तोच रीडरवर वाचून घ्यावा. रॅमची खूण पडद्यावरच दिसते. चित्राचे आठ-आठ ठिपके एका बाइटमध्ये असतात, त्यामुळे एक बिट गेला की दर आठव्या ठिपक्यावर रेघ येते. दोन चिपांची अदलाबदल करायची. रेघ सरकली तर चिप खराब, जागेवरच राहिली तर सॉकेट किंवा ट्रॅक. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची जुनी कंट्रोल कार्डं दुरुस्त करणाऱ्यांना ही पद्धत सांगावी लागत नाही.

पडद्यासाठी जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही उत्तम चालतो. बोर्डाची आडवी फ्रिक्वेन्सी १५.६ किलोहर्ट्झ, आपल्या टीव्हीची १५.६२५, म्हणजे जवळपास तीच. उभी मात्र ६० हर्ट्झच्या आसपास, आपली ५०. व्ही-होल्ड (चित्र वरखाली सरकू न देणारा नॉब) फिरवून चित्र थांबवायचं आणि हाइट वाढवायची. खेळात टीव्ही आडवा पाडून बसवायचा असल्यामुळे ही हाइट खेळणाऱ्याला रुंदी म्हणून दिसते.

टीव्ही निवडताना १२ व्होल्ट बॅटरीवरही चालणारा १४ इंची पोर्टेबल शोधावा. त्यात सहसा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो आणि चेसिस (आतला धातूचा सांगाडा) मेन्सपासून, म्हणजे घरच्या विजेपासून, वेगळं राहतं. थेट मेन्सवर चालणाऱ्या सेटच्या चेसिसमध्ये वीज उतरलेली (लाइव्ह) असू शकते. त्याला बोर्डाचं ग्राउंड जोडलं तर बोर्ड तर जातोच, माणसालाही धोका. प्लग काढून, स्विच चालू ठेवून, प्लगच्या दोन्ही पिना आणि चेसिस यांच्यात कंटिन्युइटी (विजेची जोडणी) मल्टिमीटरने तपासा. ती मिळाली तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका. व्हिडिओ सिग्नल मी ट्यूनरला बगल देऊन, एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून व्हिडिओ अॅम्प्लिफायरला दिला. चित्र निगेटिव्ह आलं तर पोलॅरिटी उलटी आहे असं समजावं.

मूळ खेळात रंग नव्हतेच. पांढऱ्या चित्रावर रंगीत पट्ट्या होत्या, वर यूएफओ (मधूनच जाणारी उडती तबकडी) फिरते त्या रेषेला नारिंगी आणि खाली तोफ व ढालींच्या भागावर हिरवी. गणपतीच्या आराशीला लागतो तो जिलेटिन पेपर इथे नेमका बसतो. मिडवेच्या उभ्या कॅबिनेटमध्ये टीव्ही आत असतो आणि चित्र अर्धपारदर्शक आरशातून दिसतं. तसं करायचं तर योकच्या (पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलींच्या) व्हर्टिकल कॉइलच्या दोन तारा उलट कराव्या लागतात, नाहीतर अक्षरं उलटी दिसतात. मी समोरून बघायचा सोपा मार्ग घेतला.

नाण्याचं यंत्र अमेरिकन क्वार्टरचं, म्हणजे २४.२६ मिलिमीटरचं असेल तर आपल्याकडे निरुपयोगी. आपला स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो आणि त्या यंत्रात लोखंडी नकली नाणी अडवायला चुंबकच बसवलेलं असतं. २०११च्या मालिकेतलं पाच रुपयांचं निकेल-ब्रासचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, पण ते २३ मिलिमीटरचं. नमुन्याचं नाणं आत ठेवून तुलना करणारा १२ व्होल्टचा कॉइन अॅक्सेप्टर घ्यावा. त्यात मी २०११चं तेच पाचचं नाणं ठेवलं. २०१९च्या मालिकेतलं पाचचं नाणं २५ मिलिमीटरचं, ते परत येतं. अंजनेरीचं नाणेसंग्रहालय जवळ असलेल्या नाशिककरांना हा फरक पटकन कळेल.

कुणी खेळत नसताना पडद्यावर आपोआप दिसणारा डेमो चालू असताना आवाज येत नाही, त्याला बिघाड समजू नये. खेळ सुरू झाल्यावरच प्रोग्रॅम अॅम्प्लिफायर चालू करतो. यूएफओचा आवाज एसएन७६४७७ चिपमधून येतो. बाकी सगळे आवाज असतील आणि फक्त तोच नसेल तर थेट ती चिप बघावी.

शेवटची तपासणी खेळूनच केली. ५५ परग्रहवासी जसे कमी होतात तसा त्यांचा वेग वाढला पाहिजे, कारण प्रोग्रॅम एका फ्रेममध्ये एकालाच हलवतो. आणि तेविसाव्या गोळीने यूएफओ पाडला तर ३०० गुण मिळाले पाहिजेत, त्यानंतर दर पंधराव्या गोळीला तेवढेच. तेविसावी गोळी मोजून मारली आणि पडद्यावर ३०० उमटले.